७० तास पाण्यात, बाकीचं वर्ष ट्रेलरवर

परवा इंजिनाचा तासांचा मीटर बघितला, १३८६. बोट घेतली तेव्हा ४१० होता आणि त्याला आता १४ वर्षं झाली, म्हणजे वर्षाला सरासरी ७० तास. वर्षाचे एकूण तास ८७६०. शंभरातला एक तासही मी ती धड चालवत नाही, बाकी सगळा वेळ ती ट्रेलरवर ताडपत्रीखाली उभी, आणि गंमत अशी की १४ वर्षांत जे काही बिघडलं त्यातलं निम्म्याहून जास्त उभ्या उभ्या बिघडलं. समुद्राने बोट खाल्ली नाही, समुद्राचं जे पाणी मी तिच्यासोबत घरी घेऊन आलो त्याने खाल्ली. हे डोक्यात शिरायला मला ९ वर्षं लागली.

बोट २२ फुटी सेंटर कन्सोल, मागे एकच १५० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, केबिन वगैरे काही भानगड नाही, सगळा डेक मोकळा, मधोमध एक उभा खोका, त्यावर स्टिअरिंग, थ्रॉटल आणि जीपीएस, आणि त्याच्या चारही बाजूंनी फिरायला जागा. हे मासेमारीला इतकं सोयीचं का, ते पहिला मोठा मासा लागेपर्यंत कळत नाही. मासा काय एका बाजूला थांबतो होय, तो बोटीच्या पुढून वळसा घेतो, इंजिनाखालून पलीकडे जातो, आणि आपण रॉड उंच धरून त्याच्यामागे बोटीला पूर्ण प्रदक्षिणा घालतो. आडवी केबिन असती तर तेवढ्यात लाइन कुठेतरी घासून तुटलेली असती.

तोटा म्हणजे ऊन, पाऊस, तुषार सगळं अंगावर. वर टी-टॉपचं कापड आहे पण सूर्य तिरका झाला की त्याचा उपयोग शून्य. बायकोने पहिल्याच फेरीत विचारलं बाथरूम कुठाय, मी अभिमानाने कन्सोलचं छोटं दार उघडून आतलं पोर्टेबल टॉयलेट दाखवलं, तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुढची दोन वर्षं काही ती आली नाही.

तळ डीप-व्ही, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल, मागच्या टोकाला साधारण २० अंशांचा उतार. चालताना लाटा छान कापते, पण इंजिन बंद करून वाहत राहिलात की हाच तळ बोटीला पाळण्यासारखी झुलवतो, पोटात ढवळणाऱ्यांनी आधीच विचार करावा. सपाट तळाची बोट उभी असताना शांत असते आणि चालताना कंबर मोडते. दोन्ही एकत्र मिळत नाही, कुणी मिळतं म्हणालं तर तो विकायला बसलाय असं समजा.

घेताना एका म्हाताऱ्या मेकॅनिकने फोनवरच सांगून ठेवलं होतं, "गेल्या गेल्या आधी इंजिनाच्या कव्हरवर हात ठेव. गरम लागलं तर बोलत बसू नकोस, परत ये." पहिली बोट बघायला गेलो, हात ठेवला, कोमट. मालक म्हणतो तुम्ही येणार म्हणून आत्ताच चालवून तपासून ठेवलं. थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतं का, धूर किती टाकतं, हे सगळं गरम करून ठेवलं की लपतं. परत आलो. दुसरी बोट म्हणजे ही, तेव्हा ६ वर्षांची. कव्हर गार, दुसऱ्या फिरकीत सुरू. त्या मेकॅनिककाकांना सोबत नेलं होतं, त्यांनी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट केली, आकडे जवळजवळ सारखे (एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर सरळ सोडून द्यावं म्हणाले), लॅपटॉप जोडून इंजिन किती तास कुठल्या आरपीएमला चाललंय तेही काढलं. ट्रान्समवर, म्हणजे मागच्या ज्या भिंतीवर इंजिन टांगलेलं असतं त्या भिंतीवर, प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकून बघितलं, सगळीकडे खणखणीत टक टक. हा आवाज लक्षात ठेवा, परत येणार आहे.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनी बघूनही बघितली नाही. आधीच्या मालकाने इंजिनाचा खालचा पाय हौसेने काळा रंगवला होता आणि त्या नादात ॲनोडही रंगवून टाकले होते. ॲनोड म्हणजे बळी द्यायचा धातूचा तुकडा, खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र बुडाले की वीज वाहायला लागते आणि कुणीतरी झिजणार हे ठरलेलं, मग महागाचा पाय झिजण्यापेक्षा हा स्वस्त तुकडा झिजू दे म्हणून तो लावतात. त्यावर रंग मारला की तो पाण्याला लागतच नाही. तुकडा अगदी नवाकोरा दिसत होता, मी म्हटलं वा, काय जपलंय! पहिल्या वर्षाअखेरी प्रॉप, म्हणजे बोट ढकलणारा पाण्यातला पंखा, काढला तर त्याच्या शाफ्टजवळ बारीक बारीक खड्डे. तेव्हापासून झिजलेला ॲनोड दिसला की मला बरं वाटतं, आणि निम्मा संपला की बदलून टाकतो.

मग रोजची कामं. प्रत्येक फेरीनंतर इंजिनाला गोडं पाणी, दहा-पंधरा मिनिटं. कानाला लावतात तसले रबरी मफ पायाच्या पाणी ओढायच्या जाळीवर बसवायचे, नळ सोडायचा, मग इंजिन सुरू. नळाच्या आधी इंजिन नाही! आतला इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपाचं चक्र, रबराचा असतो आणि कोरडा फिरला की बघता बघता जळतो. आणि इंजिन नेहमी उभं ठेवायचं, वर तिरकं करून नाही, म्हणजे आतलं पाणी स्वतःहून उतरून जातं. तिसऱ्या वर्षी मी जरा आळशी झालो होतो, रात्री उशिरा यायचो, दमलेलो असायचो, म्हणायचो उद्या सकाळी धुतो. उद्या सकाळी ऑफिस असायचं.

त्याचं फळ चौथ्या वर्षी, किनाऱ्यापासून ११ नॉटिकल मैलांवर. भोंगा वाजला आणि इंजिन आपोआप हळू झालं, थ्रॉटल पुढे ढकललं तरी वेग काही वाढेना. मागे बघितलं तर जी पाण्याची बारीक धार सतत बाहेर पडत असते, टेलटेल म्हणतात तिला, ती नुसती ठिबकत होती. थंड करणारं पाणी वर पोचतच नव्हतं. इंजिन बंद केलं, निवू दिलं, मग अगदी हळू, मग परत बंद, असं करत करत ११ मैल यायला संध्याकाळ झाली. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबर चॅनेलवर, जिथे मदत मागतात तिथे, ठेवून बसलो होतो, दोनदा माइक हातात घेतला आणि परत ठेवला, कारण इंजिन रडतखडत का होईना चालत होतं आणि वारा पडलेला होता. वारा असता तर हाक मारलीच असती, त्यात कसला आलाय कमीपणा.

खोललं तर इम्पेलरचं एक पातं गायब. नवा इम्पेलर घालून चालू करायला निघालो होतो, काकांनी अडवलं, म्हणाले पातं गेलं कुठे ते आधी शोध. ते तुटलेलं रबर पाण्यासोबत वर ढकललं गेलं होतं आणि वरच्या नळीच्या तोंडाशी बुचासारखं बसलं होतं. ते तसंच ठेवून नवा पंप घातला असता तर पुढच्या फेरीत परत तेच रडगाणं. आणि थर्मोस्टॅट काढला तर त्यावर मिठाचा पांढरा कठीण थर, नखाने निघेना. उद्या सकाळी धुतो म्हणालो होतो ना, ते सगळं तिथे जमा झालेलं. आता इम्पेलर दर दोन वर्षांनी बदलतो, बरा दिसत असला तरी.

गिअर ऑइलची गोष्टही सांगायलाच हवी कारण ती १० मिनिटांत कळते आणि नाही कळली तर पूर्ण खालचा गिअरबॉक्स जातो. खालचा स्क्रू उघडला की ऑइल बाहेर येतं, ते मधासारखं किंवा काळपट असेल तर ठीक, दुधाळ आलं तर आत पाणी शिरलंय. सहाव्या वर्षी माझं दुधाळ आलं. प्रॉप काढला तर त्याच्या मागे शाफ्टभोवती मासेमारीची लाइन गुंडाळलेली, इतकी घट्ट की वितळून तिचं कडं झालेलं, आणि त्या कड्याने रबरी सील कापलं होतं. माझीच लाइन, रंगावरून ओळखली. चाकूने कापून काढायला अर्धा तास लागला. सील बदलल्यावर मेकॅनिकने आत हवा भरून दाब उतरतो का ते बघितलं, मगच नवं ऑइल, तेही खालून वर भरायचं, वरच्या भोकातून यायला लागेपर्यंत, नाहीतर मध्ये हवा अडकते. आता महिन्यातून एकदा प्रॉप काढतोच, एक पिन आणि एक नट, पाच मिनिटांचं काम.

प्रॉपवरून आठवलं, आधीच्या मालकाने १७ पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप जितके इंच पुढे जायला बघतो तो आकडा) लावला होता आणि माणसं, बर्फ, पूर्ण टाकी असं सगळं भरल्यावर इंजिन फुल थ्रॉटलला ५२०० च्या वर जाईना, कंपनीची मर्यादा ५००० ते ६०००. मला वाटायचं बसतंय की मर्यादेत. पण ते म्हणजे चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत न्यायची, इंजिन कुंथत राहतं. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, १५ चा लावला तर साडेपाच हजारांच्या पुढे गेलं आणि बोट उठायलाही लागली पटकन. थोडा वरचा वेग गेला असेल, मला काय शर्यत लावायचीय.

ट्रेलर. लोक बोटीची निगा ठेवतात आणि ट्रेलरला विसरतात, मीही त्यातलाच. रस्त्याने तासभर चाललेल्या चाकाचं हब गरम असतं, तसंच नेऊन रॅम्पवर थंड पाण्यात बुडवलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते, मग ग्रीसचा चिखल होतो आणि बेअरिंग गंजतं. हे कधी? तर उभ्या उभ्या, पुढच्या तीन आठवड्यांत. आणि चौथ्या आठवड्यात हायवेवर मागच्या गाडीवाला दिवे मारतोय, मी म्हणतोय काय घाई आहे याला, तो पुढे येऊन हात करून सांगतोय, चाकातून धूर! तेव्हापासून रॅम्पवर पोचलं की आधी अर्धा तास सामान लावतो, हब हाताला गार लागल्याशिवाय पाण्यात घालत नाही. टायरचंही तसंच, नक्षी नवी दिसते पण उन्हाने रबर वाळलेलं असतं. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ती वाचायची, नक्षी बघत बसायचं नाही.

ड्रेन प्लग, म्हणजे तळाच्या भोकाचं बूच, विसरून बोट पाण्यात सोडली का? हो, एकदा. घोट्याएवढं पाणी झाल्यावर कळलं. आता तो प्लग इंजिनाच्या किल्लीलाच बांधलेला असतो, प्लग सोडवल्याशिवाय किल्लीच लागत नाही.

आता ट्रान्सम.

नवव्या वर्षी, अगदी सहज. इंजिन वर तिरकं केलेलं होतं, मी मागे उभा राहून त्याच्या पायाला धरून जरा वर-खाली केलं, काही कारण नव्हतं, आपण गाडीच्या टायरला लाथ मारतो ना तसंच. आणि इंजिनासोबत भिंतही हलल्यासारखी वाटली. परत केलं. वरच्या कोपऱ्यात एक केसाएवढी रेघ होती, ती उघडत होती आणि मिटत होती. प्लॅस्टिकची हातोडी आणली. वरच्या भागात टक टक, उजवीकडे टक टक, आणि डावीकडे खाली, फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून मासे शोधणारा त्याचा तुकडा, लावला होता तिथे, थप. थप थप. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं.

तो ट्रान्सड्यूसर मी लावला होता. दुसऱ्या वर्षी, रविवारी दुपारी, चार स्क्रू, आणि भोकांत घरात पडलेलं सिलिकॉन भरलं होतं, बाथरूमच्या टाइल्सचं. ते काढलं की एका स्क्रूच्या भोकातून तपकिरी पाणी यायला लागलं. थांबेना. खाली डबा ठेवला, सकाळपर्यंत तळाला बोटभर साचलं होतं.

झालं काय की जुन्या पद्धतीच्या बोटींत ट्रान्समच्या दोन फायबरग्लास थरांच्या मध्ये प्लायवूड असतं. फायबरला पाण्याने काही होत नाही, पण भोक पाडलं की पाणी सरळ लाकडात जातं, आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच नाही. लाकडाला फायबरची पिशवी घातल्यासारखं. पाण्यात असताना जेवढं शिरतं ते शिरतंच, पण कुजायचं काम नंतर ट्रेलरवर, ताडपत्रीखाली, उबेत, शांतपणे चालू राहतं. सात वर्षं ते चालू होतं आणि मी वरून वॅक्स लावत होतो. आणि त्या भिंतीवर इंजिन टांगलंय सव्वादोनशे किलोच्या आसपास, चार बोल्टवर, लाटेत आपटताना त्याचा झटका किती होत असेल ते सोडाच.

दुरुस्तीवाल्याने ओलावा मोजायचं मीटर फिरवून खडूने रेघ मारली. मला वाटलं होतं हातभर येईल, ती डाव्या कोपऱ्यापासून इंजिनाच्या खालच्या बोल्टांच्याही पलीकडे गेली. "दादा, थोडं कापून चालेल का?" मी विचारलं. तो म्हणाला, "थोडं कापलं तर थोडीच वर्षं चालेल."

इंजिन उतरवलं, आतल्या बाजूचा फायबरचा थर कापला, आणि लाकूड काढायचं हमालीचं काम मी स्वतः केलं. पैसे वाचवायला म्हणून सुरू केलं खरं पण नंतर वाटलं बरं झालं केलं. वरचं लाकूड छिन्नीने तोडावं लागत होतं आणि खालचं हाताने निघत होतं, मुठीत दाबलं की पाणी गळायचं, वास असा की जुन्या विहिरीत तोंड घातलंय. चार दिवस ते करत होतो. शेवटी त्या चार स्क्रूंच्या जागी आलो तेव्हा लाकूड नव्हतंच, काळी लापशी होती, आणि त्यात माझं सिलिकॉन, चार छोटी पांढरी बुचं, जशीच्या तशी. चिकटलेली कशालाच नाहीत.

नवीन गाभा लाकडाचा घातला नाही, कंपोझिट बोर्ड घातला जो कुजत नाही, त्यावर इपॉक्सी आणि फायबरचे थर, ते काम त्या माणसाचं, माझं नाही. सहा आठवडे गेले. आणि मग भोक कसं पाडायचं ते मी शिकलो, ११ वर्षं उशिरा म्हणा, कारण आधीची दोन वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर काढली होती. हवं त्यापेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीने भरायचं, वाळलं की त्या इपॉक्सीच्या मधोमध स्क्रूचं भोक, आणि स्क्रूला मरीन पॉलियुरेथेन सीलंट. म्हणजे स्क्रू लाकडाला किंवा गाभ्याला लागतच नाही. त्याहून सोपं म्हणजे ट्रान्समवर एक प्लॅस्टिकची फळी एकदाच पक्की चिकटवायची आणि पुढची २० वर्षं जे काय भोसकायचं ते त्या फळीला भोसकायचं. माझ्या बोटीला आता ती फळी आहे, तिला नऊ भोकं आहेत, बोटीला एकही नवं नाही.

त्या वर्षापासून माझं बघणंच बदललं. आधी मी बोट धुवायचो, आता पाणी कुठे थांबलंय ते शोधतो. वायरिंग उघडलं, कारण स्टार्टर मारला की जीपीएस बंद होऊन परत चालू व्हायचा आणि मी चार वर्षं त्या जीपीएसला शिव्या देत होतो. बॅटरीकडून येणाऱ्या वायरचं टोक हिरवं, प्लॅस्टिक सोलत गेलो तर आतली तांब्याची तार वीतभर काळी पडलेली, पाणी केशनलिकेतून चढावं तसं तारेतून आत चढलं होतं. ते सगळं काढून कल्हई केलेल्या तारांचं मरीन वायर घातलं, जोडांवर आत गोंद असलेल्या हीट-श्रिंक नळ्या. जीपीएस अजून तोच आहे. बिल्ज पंपाचा, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा, फ्लोट स्विच (पाणी वर आलं की आपोआप चालू होणारा) सरळ बॅटरीला फ्यूज लावून जोडला, मुख्य स्विचला नाही, कारण पाऊस काही मी स्विच चालू करायची वाट बघत नाही. रेलिंगचे पाय उचलून बघितले. स्टेनलेस गंजत नाही असं नाही हो, उघड्यावर ते चकचकीत राहतं, पण जिथे ते डेकला टेकतं आणि खाली ओल राहते, हवा लागत नाही, तिथे ते गुपचूप गंजतं.

बाराव्या वर्षी पेट्रोलचा वास. मंद, ताडपत्री काढल्यावर पहिल्या मिनिटाला यायचा आणि मग जायचा. इथे मात्र मी थट्टा करत नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचते, आणि तिथेच पंप आणि वायरी. बॅटरीचा स्विच चालू न करता सगळी झाकणं उघडून ठेवली आणि मेकॅनिकला बोलावलं. टाकी ॲल्युमिनियमची, डेकखाली, चारी बाजूंनी फोममध्ये बसवलेली. फोम ही बोटीतली चांगली गोष्ट आहे, १९६१ मध्ये बॉस्टन व्हेलर या बोटकंपनीचा डिक फिशर बसलेला असताना त्यांची फोम भरलेली बोट पाण्यातच करवतीने मधोमध कापली गेली आणि तो मागच्या अर्ध्यात बसून इंजिनावर चालवत निघून गेला, लाइफ मासिकात ते फोटो आले होते. माझी बोट त्यांची नाही आणि माझा फोमही तरंगायला नव्हता, टाकी हलू नये म्हणून होता. पण डेकच्या झाकणाच्या सीलमधून वर्षानुवर्षं झिरपलेलं खारं पाणी त्याने स्पंजासारखं धरून टाकीला चिकटवून ठेवलं होतं. टाकी बाहेर काढली तर खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे, मोजायचे सोडून दिले, त्यातला एक आरपार. नवीन टाकी रंग लावून, खाली पट्ट्या देऊन अशी बसवली की भोवती हवा खेळते आणि आलेलं पाणी बिल्जमध्ये उतरतं.

पेट्रोलचंच आणखी एक, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि ते जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमकं जिथून पाइप ओढतो तिथे. दोन महिने बोट निघणार नसेल तर पेट्रोल खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर टाकतो, १० मायक्रॉनचा फिल्टर वर्षाला बदलतो, आणि जुना काढला की काचेच्या बरणीत ओतून खाली पाण्याचा थर दिसतो का ते बघतो. मुलगा म्हणतो, बाबांची प्रयोगशाळा. बोट किती पेट्रोल प्यायली याचा हिशोबही वहीत, फुल थ्रॉटलला ताशी ५५ लिटरच्या आसपास आणि ४००० आरपीएमला त्याच्या निम्म्यावर, म्हणून घाई असणाऱ्याला मी सोबत नेत नाही. तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा हातचा, हे मोडलं नाही कधी.

एवढं वाचून कुणाला वाटेल समुद्राने मला कधी त्रासच दिला नाही. दिला ना. दहाव्या वर्षी खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर, ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि मागून लाटा आत चालल्यात, मी एका लाटेच्या पाठीवर राहून आत यायचं सोडून घाई केली आणि तिच्या पुढे उतरलो, पुढचं टोक पाण्यात रुतलं आणि बोट आडवी फिरली. मी डेकवर आपटलो. कमरेला लावलेली किल स्विचची दोरी निघाली आणि इंजिन बंद पडलं, नाहीतर थ्रॉटल पुढे असलेली बोट आणि स्टिअरिंगवर कुणी नाही, असं झालं असतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांच्या आतल्या बहुतेक बोटींवर चालताना ती दोरी लावणं कायद्याने सक्तीचं केलंय. मला कायद्याआधी बरगडीने शिकवलं.

पण त्या दिवशी बोटीचं काय झालं? काहीच नाही. डेकवर आलेलं पाणी स्कपरमधून, म्हणजे डेकच्या निचऱ्याच्या भोकांतून, स्वतःच निघून गेलं, इंजिन परत सुरू झालं, नवीन ट्रान्सममधून एक आवाज नाही. घरी आलो, बरगडी धरून एका हाताने नळी लावली, १५ मिनिटं.

सध्याचं काम म्हणजे हायड्रॉलिक स्टिअरिंग. इंजिनाजवळच्या सिलिंडरचा दांडा पुसला की कापडाला तेलाचा डाग लागतोय, अजून थेंब पडत नाही, पण चाक एका बाजूला टोकापर्यंत फिरवून धरलं की जरा सरकतं. सील किट आणून ठेवलंय, सोबत तो दोन पिनांचा वाकडा पाना पण, कारण गेल्या वेळी तो नव्हता आणि मी स्क्रूड्रायव्हरने ठोकून नटाची वाट लावली होती. रविवारी दुपारी भरती आहे. सकाळी लवकर खोललं आणि हवा काढून झाली तर जाऊन येईन, नाही झालं तर मीटर १३८६ वरच.